ओंडक्याची कुठली बाजू

लहानपणी आमच्याकडे एकच नाव होतं :
कुत्र्याची छत्री.
लाकडावर उगवो, उकिरड्यावर उगवो,
न्हाणीघरामागच्या ओलीत उगवो,
सगळ्या कुत्र्याच्याच.
हात लावू नकोस, म्हटलं की विषय संपला.

शेफील्डच्या एक्लसॉल वनात, नोव्हेंबर सरताना,
हार्टली ऑग्डेन गुडघ्यांखाली पिशवी अंथरून
आडव्या पडलेल्या ओंडक्यापुढे बसतो.
चाळीस वर्षं त्यानं या शहराची गटारं सांभाळली,
ओल म्हणजे काय ते त्यालाच विचारावं.
"आधी झाड ओळख. मग त्याचे भाडेकरू."
पान नाही, फांदी नाही, साल सुटलेली,
सालीखाली किड्यांनी कोरलेली भुयारं
पंख्याच्या काड्यांसारखी पसरलेली.
"एल्म," मी म्हणते.
तो मान हलवतो. शाबासकी वगैरे नाही.

मग छत्र्या. घोसानं, एकीच्या खांद्यावर दुसरी,
मधाच्या रंगाच्या, बोटाला चिकटणाऱ्या.
देठ वर पिवळसर, खाली उतरत जाताना काळा,
आणि त्या काळ्यावर लव :
मखमली चपलेच्या पट्ट्यासारखी.
"देठाला कडं आहे का?"
नाही.
"नाही, की तुला दिसत नाही? कडं गळूनही पडतं."

मी रक्तपेढीत काम करते.
पिशवीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय
हातातून सोडत नाही.
तरी कान तापले.

घरी अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद,
तीन टोप्या, पोट खाली करून,
तिन्हींवर पालथ्या वाट्या.
जयंत कांदा चिरत होता.
"आमलेटात घालू या?"
"उद्या."
"उद्या काय होणार आहे?"
"पडेल."
"काय?"
मला शब्द सापडेना. बीजाणू म्हणाले असते
तर पाठ्यपुस्तक उघडल्यासारखं झालं असतं.
"धूळ," म्हटलं. "नावाची धूळ."
तो हसला. अंडी परत फ्रिजमध्ये.

रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा
वाट्यांवर रस्त्यावरचा दिवा पडला होता.
उचलून बघावंसं वाटलं.
नाही उचलली.

सकाळी पहिली वाटी :
काळ्या अर्ध्यावर पांढरी नक्षी,
चिमटीतून रांगोळी सुटावी तितकी बारीक.
दुसरीखाली तेच.
जयंतनं तवा तापत ठेवला.

तिसरी.
पांढऱ्या अर्ध्यावर कात.
पानाच्या दुकानातल्या डब्याला लागलेला असतो,
अगदी तो रंग.

तिन्ही टोप्या पुन्हा पुन्हा पाहिल्या.
तोच मध, तोच चिकटपणा,
एकाच ओंडक्यावरची एकच थंडी खाल्लेल्या.
तिसरीचा देठ मात्र मी जंगलातच कापून टाकला होता,
मखमल होती की नव्हती, कोण सांगणार?

सगळी टोपली फेकली. वाट्या तीनदा घासल्या,
मग त्याही फेकल्या. जयंत काही बोलला नाही,
गॅस बंद केला.

हार्टलीला फोन केला.
पलीकडे बराच वेळ फक्त किटलीचा आवाज.
मग : "ती तिसरी
ओंडक्याच्या कुठल्या बाजूची?"

मी डोळे मिटले.
मध आठवला, भुयारं आठवली,
त्याच्या पिशवीवरचं दुकानाचं नावसुद्धा आठवलं.
बाजू आठवेना.