गडगा

जानेवारीच्या लोंढ्यात वरच्या शेताचा गडगा बसला,
तो मी मेमध्ये उचलायला घेतला.
बिही कासाब्लांकाला, दुकानात.
फोनवर म्हणाला, मजूर लाव.
मजूरही कासाब्लांकालाच आहेत, मी म्हटलं,
तुझ्याच दुकानात साखर जोखतायत.

दगड उचलायचा, तोंड बघायचं.
दगडाला तोंड असतं, सासऱ्यानं शिकवलं होतं.
तोंड बाहेर, शेपूट आत,
आणि पोटात खडी.

तिसऱ्या दिवशी पोटातून खडीऐवजी बदाम निघाले.
ओळखीचे. आमच्या वाकड्या झाडाचे,
टोकाशी जरा पिचलेले.
झोडपणीच्या वेळी मी इद्देरला बोलले होते,
लक्ष कुठं असतं तुझं, पायली कमी भरली.
पोरगं गप्प राहिलं होतं.

खार समोरच्या खडकावर.
पाठीवर पांढरे पट्टे, गालफडं फुगलेली,
मागच्या दोन पायांवर उभी राहून
सरकारी मोजणीदारासारखी माझ्याकडं बघत.
मी म्हटलं, बाई, झाड माझं.
ओच्यात भरले सगळे. एकसुद्धा ठेवला नाही.
खरं तेच सांगते.

चौथ्या दिवशी कपारीत हात घालणार
तर तिनं शीळ घातली.
बारीक, ओल्या काचेवर बोट फिरवल्यासारखी,
मग परत, मग परत, थांबेचना.
मी हात मागे घेतला, शिवी द्यायला वळले,
तेवढ्यात कपारीतून
एक दोरी सैल होत गेली. मातीच्या रंगाची,
रुंद डोक्याची, कसली घाई नसलेली.
उतारावरच्या अर्गनखाली दिसेनाशी झाली.

शीळ कुणासाठी होती?
तिची पिल्लं असतील जवळपास.
किंवा तिच्या लेखी सापापेक्षा मोठी चोर मीच,
आणि ती शीळ माझ्या नावाची.
दोन्ही पटतं. रात्री एक, सकाळी दुसरं.

बिहीला सांगितलं, गडगा झाला.
सरळ आलाय?
आलाय.
सापाचं बोलले नाही, तो उगाच मजूर शोधत बसला असता.
इद्देरला फोन दे म्हणाला,
तर पोरगं उंबऱ्यावर बदाम फोडत बसलेलं,
दोन्ही गालफडं भरलेली,
बोलायला तोंड रिकामं नाही.
मी म्हटलं, खाऊ दे.

खालून तिसऱ्या थरात एक दगड कमी पडलाय.
ढीग तिथंच आहे, बसेल असा दगड मिळेलही.
बघू.