शून्याचं घर

अंड्यांच्या ट्रेचे सहा खळगे कापून घेतले,
आत नेलपॉलिशनं शून्य ते पाच लिहिलं.
कोपरखैरण्याला, सेक्टर एकोणीसमधल्या छेडांनी
महिनाभर झाकणं साठवून दिली:
सोड्याची, तेलाची,
एक लाल, खोकल्याच्या औषधाचं.
उकळली, घासली, खिडकीच्या जाळीत वाळवली.
तेलाचा वास तरी राहिलाच.

रुंजी साडेतीन वर्षांची.
एकाच्या घरात एक, दोनाच्या घरात दोन,
मी दाखवलं.
तिनं नीट पाहिलं
आणि सगळी झाकणं पाचात कोंबली.

"अगं, तिथं पाचच राहतात."
"पाहुणे आलेत."

दिवाळीपासून आमच्याकडे
दीर, जाऊ, त्यांची दोघं.
दिवसा गाद्या भिंतीला टेकून उभ्या,
रात्री दाराची कडी लावायची
तर कुणाचे तरी पाय उचलावे लागतात.
मी काय सांगणार तिला मोजायला?

मग तिनं ढिगातून लाल झाकण वेचलं,
शून्यात ठेवलं, अलगद.

"शून्यात कुणी नसतं, बाळा."
"याला खोकलाय.
याला एकट्याला झोपू दे."

संध्याकाळी, कुकर लावून झाल्यावर,
त्या खळग्यात मी
थोडा कापूस घातला.