घटक सात

रात्री साडेअकराला सरांचं तोंड उघडं राहिलं.
'संक्रमण' म्हणत होते, 'सं'वरच अडकले.
नगरगावच्या उपकेंद्राची गच्ची,
पाण्याच्या टाकीला पाठ लावून
मी मोबाईल उंच धरला, सलाईनची बाटली धरतात तसा,
आणि थेंबाची वाट पाहिली.

खालून कुठल्याशा भाटीतून बोंडूंचा आंबूस वास.
पुन्हा सुरू झालं तेव्हा
सर दोन आकृत्या पुढे गेलेले, मला न घेता.

घटक सात, प्रश्न तीन.
साथीतला पहिला रुग्ण कसा ओळखाल?
शब्दमर्यादा तीनशे.

पहिला रुग्ण म्हणजे, सर, पुनो गांवकर.
काजूच्या बागेतून काठी टेकत आला,
अंग तापलेलं,
कानामागे गोचीड,
तिळाएवढी, पोट भरून निवांत.
म्हणाला, सिस्टर, वरच्या रानात माकड मरून पडलंय,
तुमच्या काय कामाचं आहे का?
मी पॅरासिटामॉल मोजत होते. हात थांबला.

हे मी लिहिलं नाही.
मी लिहिलं: काळ, स्थळ, व्यक्ती.

पहाटे चारला रेवतीला उठवलं.
डोळे न उघडता ती म्हणाली,
पीडीएफ म्हणजे, आई, वहीला प्लास्टर.
एकदा घातलं की पान हलत नाही.
मग मी मुकाट्याने वही प्लास्टरात घातली
आणि सातच्या बसने ड्युटीला गेले.
नवरा म्हणाला होता, पेन्शनीला आठ वर्षं राहिली,
आता कसला डिप्लोमा?
त्याला उत्तर द्यायचं राहून गेलंय. नोंद असावी.

निकाल बुधवारी लागला, लसीकरणाच्या दिवशी.
डाव्या हातात बाळाची मांडी, उजव्यात सुई,
खिशात मोबाईल दोनदा थरथरला.
आधी बाळ. मग त्याचं रडणं. मग त्याच्या आईचं.
दुपारी दोनला पाहिलं: एकसष्ट. उत्तीर्ण.
डबा खाल्ला. भाजीत मीठ नव्हतं, चाललं.

तपासलेला स्वाध्यायही आला होता.
प्रश्न तीनच्या शेवटी, मर्यादेबाहेर,
मी एक ओळ घुसडली होती:
रुग्ण बरा झाला, परवा चालत येऊन बिया देऊन गेला.
तिच्याखाली लाल रेघ. बाजूला शेरा: अप्रस्तुत.

पुनोला दाखवलं.
त्याने मोबाईल लांब धरला, जवळ आणला,
आपलं लिहिलेलं बरं होणं बघितलं.
हे तांबडं कशाला केलंय?

मी म्हटलं,
महत्त्वाचं असलं की करतात.