उजवा गाल

कळमन्याच्या मार्केटात तेवीस वर्षं माझा आवाज चालला.
उलट्या क्रेटवर उभं राहायचं, बोली चढवत न्यायची,
एक म्हणायचं, दोन म्हणायचं,
तीनला माल सोडायचा.
घसा बसला तर खडीसाखर. एवढाच काय तो आजार माहीत.

पहिला झटका दात घासताना आला.
कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत
कुणीतरी तापलेली तार ओढून घेतली
आणि लगेच काही नाही.
बेसिनमध्ये ब्रश पडलेला, आरशात मी,
डोळ्यांतून पाणी.

मग घास चावताना.
मग मिशीला पदर लागला म्हणून.
मग नुसतं 'पाचशे' म्हणताना.
पाचशेतला प सुद्धा ओठांना भेटू देईना.

महालातल्या सहारे डॉक्टरांनी दाढ काढली.
महिन्यानं शेजारची काढली.
दोन्ही धड होत्या, हे नंतर कळलं.
कुमुदनं त्या एका डबीत ठेवल्यात अजून,
का, ते ती सांगत नाही.

डाव्या गालाची दाढी करायचो,
उजवीकडे वाढू द्यायचो.
हमाल हसायचे. गोविंदा धापोडकर म्हणाला,
"काऊन बावा, अर्ध्या दाढीचे पैसे नाही देल्ले का?"
मी हसलो नाही. हसणंही महाग होतं.

मे महिन्यात सेहेचाळीस डिग्रीत
घरचे कूलरपुढे, मी माळ्याखालच्या खोलीत,
कारण खसाचा तो थंड वारा
गालावर आला की विजेसारखा पडायचा.
घामाला मात्र त्या नसेनं कधी हरकत घेतली नाही.

धंतोलीत अलोणी मॅडमनी
लग्नपत्रिकेच्या पाठीवर चेहरा काढला
आणि कानाजवळून तीन रेघा.
एक कपाळाला, एक गालाला, एक जबड्याला.
"वेदना गालात वाटते, पण भांडण आत आहे,
मेंदूच्या देठाशी.
एक रक्तवाहिनी नसेवर टेकली आहे.
दर ठोक्याला घासते."
म्हणजे माझंच काळीज
मिनिटाला सत्तर वेळा मला मारत होतं.

आधी गोळ्या. झटके कमी झाले,
पण एका ढिगाचे दोन ढीग दिसू लागले.
एकदा नसलेल्या मालाची बोली लावली,
मार्केट अर्धा तास हसलं.
रक्तातलं मीठ उतरलं, मी पायरीवर पडलो.
तेव्हा मॅडम म्हणाल्या, उघडू या.

कानामागे रुपयाएवढी खिडक.
वाहिनी हळूच उचलायची,
तिच्यात आणि नसेत टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा.
कापायचं काही नाही, फक्त अंतर पाडायचं.
कुमुद घाबरून माझ्याकडे बघत राहिली.
मी म्हटलं, अगं, तणस.
पेटीत संत्र्याला संत्रं घासू नये
म्हणून तुझा बाप घालायचा तसं.
तेव्हा ती सही करायला उठली.

शुद्धीवर आलो तर डोकं जड, कानात शिट्टी,
खालच्या ओठाचा एक तुकडा बधिर,
तो आजही परका आहे.
नर्सनं विचारलं, "दुखते का जी?"
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं
आणि उघडंच ठेवलं.
काहीच आलं नाही.

आता मार्केटात माझी जागा धापोडकराच्या पोराकडे.
बरा बोलतो, दोनवर जरा घाई करतो.
मी बाजूला बसून चिठ्ठ्या फाडतो.
पुढच्या बहाराला बघू.

काल रात्री कूलर चालू होता.
चार वर्षांत पहिल्यांदा
कुमुदनं उजव्या गालावर हात ठेवला.
मी दचकून मागे सरलो.
नस विसरली असेल, मान विसरली नव्हती.
तिनं हात काढला नाही.
हवेत धरून ठेवला, मग परत टेकवला,
संत्र्याचं वजन बघावं तसा.

एक.
दोन.

तीन मी म्हटलं नाही.