ओला डोळा, सुका डोळा

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोरिंदा,
तुझा उजवा डोळा सुका आहे, डावा ओला.
मी म्हटलं, जाळ्यांचंही तसंच असतं बाई,
एक वाळत, एक पाण्यात.
त्या हसल्या असाव्यात.
त्यांच्या तोंडाच्या जागी
कुणी काजळीचं बोट फिरवलं होतं.

पडद्याच्या मधोमध, म्हणाल्या,
मसुरीच्या दाण्याएवढी जागा असते.
तिच्यावरच तू आयुष्यभर ओवलंस, वाचलंस, माणसं ओळखलीस.
उजवीकडे ती झिजतेय.
डावीकडे नको तिथे शिरा फुटल्यात, त्या गळतात.
गळती आवरता येते. झिजलेलं परत येत नाही.
मिट्ट काळोख नाही व्हायचा,
कडा राहतील.

कडा.
एकावन्न वर्षं मालपिकाच्या धक्क्यावर
मी फाटक्या जाळ्याला कडेपासूनच हात घालते,
मधलं भोक शेवटी.

फ्रिजवर एक कागद लावलाय:
काळ्या रेघांचे चौकोन, मध्ये ठिपका.
रोज सकाळी चष्मा चढवून
एक डोळा झाकायचा, ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा.
रेघ वाकली की त्याच दिवशी फोन.
इतक्या बारीक आसाचं जाळं
समुद्रात टाकलं असतं तर दंड झाला असता.

मार्चात एका मंगळवारी
वरून तिसऱ्या ओळीतले चौकोन ढिले पडले,
खालून कुणी ओढत असल्यासारखे.
नातीने, इरियाने, गाडी काढली.
गुरुवारी आ कोरुन्याला डोळ्यात सुई.

सुईचं सगळ्याजणी विचारतात.
थेंब घालतात, डोळा बधिर होतो,
वर बघ म्हणतात, मग नुसता एक दाब.
दिवसभर काळे बुडबुडे तरंगतात.
सुईचं मला काय, सुईवरच घर चालवलं.
फक्त या खेपेला
धक्क्यावर पसरलेलं जाळं मी होते.

बाकीचं शिकले.
पांढरा मासा काळ्या ताटलीत.
पायरीच्या काठाला पिवळी पट्टी.
दिवा खांद्यामागून.
सलगमचा पाला रोज; तो आम्ही तसाही खायचो,
औषध झाल्यापासून बेचव लागतो.
आणि जे बघायचं, त्याच्याकडे बघायचं नाही.
नजर जरा बाजूला ठेवली
की ते कोपऱ्यातून येतं,
बुजऱ्या मांजरासारखं.

माणसं मात्र मांजरांपेक्षा बुजरी.
मी समोरून न बोलता जाते
म्हणून गावात झालं, दोरिंदाला शिंगं फुटली.
प्रत्येकीला थांबवून काय सांगू,
की बाई, तुझं नाक हरवलंय?

मग बाल्बिना.
अठ्ठावीस वर्षं आमचं बोलणं बंद,
नायलॉनच्या एका रिळावरून.
खरं तर रिळावरून नाही.
बेकरीबाहेर करडा कोट उभा होता,
मला वाटलं एरुंदिना.
दंड धरून विचारलं, कशी आहेस गं, गुडघा काय म्हणतो?
बराच वेळ फक्त पावाचा वास.
मग तो आवाज:
बरा आहे गुडघा.

मी हात काढला नाही.
का, ते विचारू नका.

ती म्हणाली, तू मला ओळखलं नव्हतंस.
म्हटलं, नाही.
आणि आता?
आता तुझ्या कानाकडे बघतेय, म्हटलं,
म्हणजे तू दिसतेस.
म्हातारी झालीयेस.

शुक्रवारी ती धक्क्यावर आली, स्वतःचं स्टूल घेऊन.
मधलं भोक तिच्याकडे, कडा माझ्याकडे.
रिळाचा विषय निघाला नाही.
एकदा तिने माझी गाठ उसवून परत मारली,
मला कळलं, बोटांना कळतं,
गप्प बसले.

पुढची सुई एकोणीस तारखेला.
आज सकाळी कागदावरच्या रेघा सरळ होत्या.
सरळ म्हणजे,
कालच्याइतक्याच वाकड्या.