सात नंबर

मुलीनं पुण्याहून पाठवलेलं खोकं
तीन दिवस फ्रिजवर पडून होतं.
चौथ्या दिवशी उघडलं.
कागदाच्या बोळ्यांत दोन तपकिरी बूट,
घोट्याच्याही वर येणारे,
आत पाणी शिरणार नाही, असं चिठ्ठीवर.
आमच्या धारूरला पाण्यापासून पाय वाचवायची वेळ
किती वेळा येते, ते तिलाच विचारायला हवं.

स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत चालून पाहिलं.
हे पेपरच्या आडून म्हणाले,
"पोलीस भरती कधीय?"

एकतीस वर्षं मी हा डोंगर चढले
रबरी चपलेत,
खांद्याला लशींचा निळा डबा.
घड्याळ मनगटावर नव्हतंच माझं,
ते डब्यात वितळत असायचं,
आणि बर्फ संपायच्या आत वरचा तांडा गाठायचा.
म्हणजे तशी मी चाललेच नाही कधी,
नुसती पोचले.

आज किल्ल्याच्या मागून निघाले, रिकाम्या खांद्यानं.
त्या खांद्याचं काय करायचं, कळेना,
शेवटी पदर दोनदा सारखा केला.

चढाला बूट गुणाचे निघाले.
मुरमावर पाय सरकला नाही.
बाभळीचा काटा तळाखाली
कट् करून मोडला, एवढंच.
पण ओढ्याजवळचा तो सपाट दगड,
जिथं दर खेपेला टेकायचे,
पायाखालून गेला
आणि मला दहा पावलांनी कळलं.

वरून गोमलीबाई उतरत होती,
डोक्यावर सीताफळांची पाटी.
हिनंच एकदा सुईच्या भीतीनं
लेकराला ज्वारीच्या कणगीत लपवलेलं.
ते लेकरू आता जेसीबी चालवतं.

"सिस्टर, आज कामून? डबा कुठंय?"
"डबा नाही. नुसती चालायला आले."
"नुसती?"

मग तिची नजर खाली गेली.
किंमत विचारली. मी निम्मी सांगितली,
तरी तिनं पाटी खाली ठेवली.
वाकून बुटाचं टोक अंगठ्यानं दाबलं,
मी बाळाची मांडी चाचपायचे तसं,
"बोट कुठंय तुझं ह्याच्यात?"
आणि उठता उठता:
"चढाला काय, कशातबी बरं वाटतंय.
उतर बघू जरा. मग सांग."

उतरले.
वीस पावलांत डावा अंगठा
समोरच्या भिंतीवर धडका द्यायला लागला.
अठ्ठावन्न वर्षांची झाले,
माझा डावा पाय उजव्याहून मोठा आहे
हे मला आज कळतंय.

बसले. मोजे काढले. मोज्यांना कुसळं,
अंगठ्याचं नख लालबुंद.
गोमलीबाईनं लेस हातात घेतली,
माझ्या पायावर गुडघा रोवला
आणि मोळी आवळतात तशी घोट्याशी गाठ मारली.
उजवा बसला.
डावा नाही बसला.
"मोठा नंबर आण," ती म्हणाली,
जसं काही दुकान पुढच्या वळणावर आहे.

दहा दिवसांत परत करता येतात,
पण तळ कोरा हवा, चिठ्ठीत लिहिलंय.
तळ बघितला. त्यात निम्मा घाट बसलेला.

शेवटचा उतार अनवाणी.
दगड उन्हानं कोमट झालेले,
चार पावलं सोसेना, मग सोसलं.
लेस एकमेकींना बांधून बूट गळ्यात,
दोन्हीत एकेक सीताफळ,
गोमलीबाईनं पैसे न घेता टाकलेलं.
उजव्यातल्याचे डोळे उघडलेले,
डाव्यातलं दगडासारखं.

फाट्यावर रेंज आली तसा फोन वाजला.
"आई, घातलेस का? कसे आहेत?"
मी म्हणाले, "उजवा चांगलाय.
डावा अजून अढीत घालावा लागेल."
ती म्हणाली, "काय?"