डावी बाजू

त्या सकाळला सात वर्षं झाली.
दुखलं नाही, खुपलं नाही.
दाढी करता करता तहसीन म्हणाला,
"नेबाहत, दिवा गेला का गं?"
दिवा चालू होता.
त्याच्या डाव्या डोळ्यात
केसाएवढी एक रक्तवाहिनी
बोलता बोलता बुजली होती.

सिनोपहून सामसूनला जायचं तर बस वेळेवर हवी.
पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी
आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
मग डोळ्याकडे.
मला तेव्हाच कळलं.

आता दर सहा महिन्यांनी जातो.
त्या बोटं धरतात. "किती?"
"दोन."
तीन असतात.
पहिल्या वर्षी हातभरावरून मोजता यायची,
दुसऱ्या वर्षी वीतभरावरून,
मग तिथेच थांबलं.
कागदावर लिहितात: स्थिर.
आमच्या समुद्राकाठच्या गावात
हा शब्द सहसा कुणी वापरत नाही.

मग मानेच्या शिरा, हृदयाचा आलेख,
न्याहारीनंतरची रक्त पातळ करायची गोळी.
"डोळ्याचं झालं ते झालं," बाई म्हणतात,
"मला काळजी मेंदूची."
तेव्हापासून रात्री जाग आली
की मी आधी त्याचा श्वास ऐकते,
मग कूस बदलते.

तो लाकडाची जहाजं करतो, वीत-दीड वीत लांबीची.
शिडाचा दोरा पूर्वी डोळ्याने ओवायचा,
आता बोटाच्या टोकाने, कधी चक्क जिभेने.
टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलेली तीन
कोपर लागून फुटली.
पहिलं वर्षभर चहा पेल्याशेजारी ओतला,
बशीत, मेजावर, माझ्या मांडीवर.
आता किटलीची चोच काठाला टेकवतो, मग ओततो.
तो टिक आवाज
आमच्या घरात नवा आहे.

नात विचारते, "आजोबा, तिकडे काळोख दिसतो?"
"काळोख दिसायलाही डोळा लागतो, इल्कनूर.
तिकडे काहीच नाही.
फक्त कोपऱ्यात, दाराखालच्या फटीएवढा उजेड.
त्यात तुझे बूट दिसतात. चिखलाचे."
ती पाय आत घेते.

संध्याकाळी धक्क्यावर फिरायला जातो.
चाळीस वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला.
मुलगा म्हणाला, आई, बाजू बदल,
तुझं तोंड तरी दिसेल त्यांना.
नाही बदलली.
तिकडूनच सायकली येतात, जाळ्यांचे ढीग येतात,
कुणीतरी हवंच.
आणि खरं सांगायचं
तर तिथे मला रडता येतं.
रोज नाही. अधूनमधून.
पुसायचीही घाई नसते.

काल दीपस्तंभाच्या वळणावर
समोर बघतच त्याने खिशातून रुमाल काढला
आणि डावीकडे धरला.
माझ्या हातापासून वीतभर चुकला.

मीच हात पुढे नेला.